हजेरीपटाबाहेरचा कामगार

मनमाड हे रेल्वेचे जंक्शन म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. कामगार चळवळीच्या अभ्यासकाला मात्र हे गाव आठवते ते फेब्रुवारी १९३८ मध्ये तेथे भरलेल्या, जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेमुळे. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या व्यासपीठावरून सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा अभाव, असा खुलासाही त्यांनी केला होता.

हे विवेचन केवळ तात्त्विक नव्हते. अस्पृश्य कामगार रेल्वेत वर्षानुवर्षे गँगमनच राहत असे. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागत. म्हणून ती जागाही त्याला मिळत नसे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते त्याला बंद होते, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि तेथे विटाळ आडवा येई. मालकाविरुद्ध एकजुटीच्या घोषणा देणाऱ्या संघटनांनी या प्रश्नाकडे बहुधा काणाडोळाच केला.

अशी वेगळी परिषद भरविणे म्हणजे कामगारांत फूट पाडणे होय, हा आक्षेप तेव्हा घेतला गेला. त्याला कृतीनेच उत्तर मिळाले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्यात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या बरोबरीने उतरला. संघटनांना मान्यता देणे मालकांवर बंधनकारक करणारे विधेयकही आंबेडकरांनीच १९४३ मध्ये मजूरमंत्री या नात्याने मांडले. तशी तरतूद असलेला कायदा १९४७ मध्ये संमत झाला. परंतु तो कधीच अमलात आला नाही.

रेल्वे कामगारांनी मे १९७४ मध्ये केलेला सुमारे तीन आठवड्यांचा संप या देशातील सर्वांत मोठ्या संपांपैकी एक होता. सरकारने तो अटकसत्र आणि बडतर्फी यांच्या बळावर मोडून काढला. त्यांच्या मागण्यांत बोनस होता, तशीच हंगामी कामगारांना कायम करण्याची मागणीही होती. बोनस १९७९ मध्ये पदरात पडला. हंगामी कामगाराचा प्रश्न मात्र 'कंत्राटी कामगार' या नव्या नावाने आजही आपल्यापुढे उभा आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेनुसार संपाआधी चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागते. तसेच एकाहून अधिक संघटना असतील, तर हजेरीपटावरील एक्कावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेलाच एकमेव वाटाघाटीचा अधिकार मिळतो. दीर्घकाळ रेंगाळलेला मान्यतेचा प्रश्न यामुळे काही अंशी सुटला, हे मान्य केले पाहिजे. परंतु हा हजेरीपट कोणाचा? कंत्राटदाराच्या माणसाचे नाव मूळ आस्थापनेच्या हजेरीपटावर नसते. जो सर्वांत कमी वेतनावर राबतो, तोच या मोजणीतून वगळला जातो.

दोष केवळ कायद्याचा आहे, असे म्हणून संघटनांना मोकळे होता येणार नाही. कंत्राटी कामगाराला सभासद करून घेण्यास कोणत्याही संहितेची आडकाठी नाही. आडवी येते ती कायम कामगाराची मनोवृत्ती. शिक्षक आणि कारकून यांनाही हे लागू पडते. मार्च २०२३ मध्ये राज्यातील शासकीय कर्मचारी आणि शिक्षक जुन्या निवृत्तिवेतनासाठी संपावर गेले. ती मागणी रास्त होती. पण ज्याला निवृत्तिवेतन तर सोडाच, पुढच्या वर्षीच्या नेमणुकीचीही शाश्वती नाही, तो तासिका तत्त्वावरील अध्यापक त्याच महाविद्यालयात शिकवीत असतो. त्याच्यासाठी किती संघटनांनी काम बंद ठेवले?

कामगारांमधील भेदाची कारणे नाहीशी केल्यावाचून खरी एकजूट होत नाही, हेच मनमाडला सांगितले गेले होते. संघटनांनी आता आपल्या घटना दुरुस्त करून कंत्राटी कामगारांना सभासदत्व, मताधिकार आणि कार्यकारिणीत जागा द्यावी. आणि समान कामाला समान वेतन ही मागणी आपल्या मागणीपत्रात अग्रभागी ठेवावी. हे न केल्यास कायम कामगारांची संख्या घटत जाईल आणि एक्कावन्न टक्क्यांचा मान मिळवूनही वाटाघाटीला बसणाऱ्यांच्या मागे फारसे कोणी उरणार नाही.