शेवटचे दहा फूट

जालना रोडच्या गर्दीतून गाडी काढणारी, क्रांती चौकात रिक्षावाल्यांना न घाबरणारी बाई स्वतःच्या घराच्या गेटपाशी येते आणि हॉर्न वाजवते. का? तर, "अहो, जरा आत लावून द्या ना!" मीही तीन वर्षं हेच केलं.

आमचं सिडकोतलं रो-हाऊस. (गॅरेज म्हटलं की आपल्याकडे मिस्त्रीच आठवतो, घरातल्याला आपण पोर्चच म्हणतो.) पोर्च म्हणजे अंगणावर टाकलेले पत्रे. एका बाजूला तुळस, दुसऱ्या बाजूला पाण्याचे ड्रम आणि सायकल, मध्ये गाडी कशीबशी मावते. ओरखडा येईल, नवीन गाडी आहे, हीच सगळ्यांना भीती. मला वाटतं, आपण भलत्याच गोष्टीला भितो.

गेल्या दिवाळीत हे गावी गेलेले. मी गाडी उलटी आत घेत होते. सासूबाई ओट्यावरून म्हणताहेत, "कामून घाबरती गं? येऊ दे, येऊ दे!" शेजारचे काका म्हणतात डावीकडं घ्या, दीर उजवीकडं हात हलवतोय. एकदम सासूबाई किंचाळल्या. मी ब्रेक दाबला. उतरून बघते तर नणंदेचा चार वर्षांचा मुलगा मागच्या चाकापासून हातभर अंतरावर उकिडवा बसून विझलेल्या फुलबाज्या गोळा करतोय. आरशात तो दिसलाच नव्हता. सगळे गाडीकडे बघत होते, पोराकडे कुणीच नाही. त्या रात्री मला घास गेला नाही.

तेव्हापासून आमच्याकडे लहान मुलं घरात आणि दाराला कडी, मगच गाडी हलते. बसण्याआधी मी गाडीभोवती एक फेरी मारते. हात दाखवणारा माणूस एकच, तोही मला आरशात दिसेल असा. दिसेनासा झाला की मी थांबते. १ जुलै २०१९ नंतर तयार झालेल्या गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे आहेत, पण बुटकी किंवा कडेची वस्तू त्यांनाही चुकते. सेन्सर वाजला नाही म्हणजे मागे कुणी नाही, असं समजू नका.

खरं तर १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लायसन्सच्या चाचणीतच हे आहे: अपुऱ्या जागेत गाडी डावीकडे किंवा उजवीकडे उलटी नेता आली पाहिजे. आमच्या क्लासमध्ये मात्र पंधरा दिवसांत रिव्हर्स एकदाच झाला! मग एक साधी गोष्ट मी स्वतःच लक्षात ठेवली. मागे जाताना गाडीची शेपटी जिकडे न्यायची, तिकडेच स्टिअरिंग फिरवायचं. सकाळी, रस्ता मोकळा असताना आठवडाभर सराव केला.

लावून देणारे प्रेमानंच देतात, कबूल. पण हे वाळूजला नाइट शिफ्टला आणि रात्री अकराला घरात कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर? म्हणून गाडीचं तोंड रस्त्याकडेच हवं, बाहेर काढताना समोरचं नीट दिसतं. पोर्चला उतार असेल तर हँडब्रेकवर भिस्त नको, गाडी गिअरमध्येही ठेवा.

ज्यांच्याकडे शटरचा गाळा आहे त्यांना एक कळकळीचं सांगणं. थंडीत इंजिन आत चालू ठेवू नका, अर्धं शटर वर असलं तरी नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतंय, गरगरतंय म्हणेपर्यंत माणूस बेशुद्ध पडू शकतो.

आपल्या शहरात २०१० साली एकगठ्ठा दीडशे मर्सिडीज घेतल्या गेल्या, त्याचं कौतुक अजून सांगतात. माझी साधी हॅचबॅक परवा चौथ्या खेपेला पोर्चमध्ये सरळ बसली. समोरच्या गच्चीवरून दोघं बघत होते. बघू देत. ह्यांना मात्र मी ओट्यावरच बसायला सांगितलं होतं, भाचा मांडीवर धरून.