लस फुकट आहे, पण कोणाला?



ज्वारीवर काणी येऊ नये म्हणून बियाण्याला गंधक चोळतो ते पेरणीआधी, किलोला ४ ग्रॅम. कणीस काळे पडल्यावर पोतेभर गंधक ओतले तरी दाणा परत येत नाही. फ्लूच्या लसीचे गणित हेच. सुई टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन आठवडे लागतात, आणि आपल्याकडे ही साथ जुलै ते सप्टेंबर, भर खुरपणी-फवारणीत जोर धरते. म्हणून लस मृगाआधी घ्यायला हवी. विषाणू रूप बदलतो, त्यामुळे मागल्या सालची यंदा चालत नाही. (साधी सर्दी मात्र तिने थांबत नाही, तेवढे आधीच सांगून ठेवतो.)

२००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूने माणसे नेली. २०१५ साली तो राज्यभर पुन्हा उठला, तेव्हा महाराष्ट्र सरकारने जोखमीच्या लोकांना ही लस फुकट द्यायचे ठरवले: तीन महिने उलटलेल्या गरोदर बाया, मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे रोगी, आरोग्य कर्मचारी. सरकारचे कौतुक करायची आम्हाला सवय नाही, पण हा निर्णय चांगला होता.

अडचण पुढेच आहे. या यादीत बसतो कोण? ज्याचा रक्तदाब कोणी मोजला आहे तो. एका बैठकीत आम्ही विचारले, वर्षभरात कितीजणांनी दंडाला पट्टा बांधून घेतला? हात वर झाले ते पुढच्या रांगेतले, रस्त्यालगतच्या गावांचे. मागे बसलेल्या बायकांत एकही नाही. कपाशीचा भाव तोंडपाठ, स्वतःची साखर ठाऊक नाही! रोग अंगात आहे पण कागदावर नाही, आणि दवाखान्याला दिसतो तो कागद.

दुसरे असे की जागतिक आरोग्य संघटना म्हातारी माणसे, पाच वर्षांखालची मुले आणि छातीचे जुने रोगी यांनाही जोखमीचे मानते. २०१५ च्या यादीत दमेकऱ्याचे नाव नव्हते. जिनिंगमध्ये रुईचा धुरळा छातीत घेणारा मजूर आणि जन्मभर चुलीच्या धुरात बसलेली त्याची बाई, यांना फ्लू झाला तर तो छातीत उतरायला वेळ लागत नाही. त्यांना यादीत घ्या आणि लसीचा साठा मे महिन्यातच प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचवा, ही आमची मागणी आहे.

तोवर एवढे करा. तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब आणि साखर उपकेंद्रात फुकट तपासतात, आशाताईंना विचारा. आकडा कार्डावर लिहून घ्या. ते कार्ड घेऊन मे महिन्यात केंद्रात जा आणि लस मागा. गरोदर सुनेला बरोबर न्या. ‘साठा नाही’ म्हणाले तर तारीख घालून लेखी मागा. ते सगळे कागद पुढच्या जिल्हा बैठकीला आणा. एकत्र बांधून आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवू.