तळं बुजवण्याआधी फोटो काढा

डेंग्यूचे रुग्ण वाढले की हमखास मागणी येते, गावाबाहेरचं तळं बुजवा, नाहीतर फवारणी करा. नांदूर मध्यमेश्वरला रामसर दर्जा मिळाला. गावतळ्याची बाजू कोण घेणार?

मे महिन्यात, ऊन चढण्याआधी, पाणी टिकलेल्या तळ्याकाठी मोबाइल घेऊन जा. पाणकणसाच्या पात्यांवर चतुराच्या कोरड्या काती चिकटलेल्या दिसतील. पाठ उकललेली, सहा पाय घट्ट रोवलेले. फोटो जवळून काढा. पातं उपटू नका. कात टाकण्याआधी हा चतुर पाण्यातच वाढला, आणि तिथे त्याच्या खाण्यात डासांच्या अळ्याही होत्या. उडू लागल्यावर तो डासही पकडतो. फवारणीत तोही मरतो.

तळ्यात डास होतच नाहीत असं नाही. हिवताप पसरवणारे काही ॲनोफिलीस डास काठच्या संथ पाण्यात वाढतात. डेंग्यूच्या एडिस डासाची मादी मात्र बहुधा आपल्या पिंपात, कूलरमध्ये, गच्चीवरच्या टायरात अंडी घालते. उन्हाळ्यात पाणी साठवावंच लागतं, कबूल. मग पिंप आठवड्यातून एकदा रिकामं करून घासा, कोरडं करा, झाका.

ग्रामसभेत तळ्याचा विषय निघाला की ते फोटो दाखवा. पिंपांचेही काढून ठेवा.