घर नवे, थकबाकी जुनी

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघाले की चौदाव्या किलोमीटरच्या आसपास चितेगाव लागते. व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे हे नाव एके काळी दूरवर पोहोचले होते. कारखानदारीच्या आधाराने येथे स्थिरावलेल्या कुटुंबांना घराचे कागद म्हणजे काय, हे चांगले ठाऊक असते : सातबारा, ग्रामपंचायतीचा नमुना आठ, घरपट्टीची पावती. मुलांची शिक्षणे सुरू झाली की याच कुटुंबांचे लक्ष शहरातील सिडकोच्या एन-विभागांकडे किंवा वाळूज महानगराकडे वळते. आणि तेथे कागदांचे स्वरूपच बदलते.

सिडकोने घरे व भूखंड दिले ते साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. औद्योगिक विकास महामंडळाचा भाडेपट्टा पंच्याण्णव वर्षांचा असतो. दोन्हींकडे जमीन महामंडळाची आणि घेणाऱ्याकडे ती ठरावीक मुदतीपर्यंत वापरण्याचा हक्क. म्हणून विक्री ही केवळ घेणारा आणि देणारा या दोघांतील बाब राहत नाही. पट्टा देणारी संस्था हा तिसरा पक्ष असतो. तिची परवानगी, तिचे हस्तांतरण शुल्क, तिचे वार्षिक भुईभाडे आणि जेथे नागरी सेवा तीच पुरवते तेथे सेवाशुल्क, असा हा हिशेब आहे. शहरातील सिडको वसाहतींच्या नागरी सेवा २००६ मध्ये महापालिकेकडे गेल्या, जमिनीची मालकी मात्र गेली नाही. त्यामुळे एकाच घरासाठी दोन दारांत चौकशी करावी लागते. मालमत्ता कराची पावती पाहून 'सगळे भरलेले आहे' असा समज करून घेणे येथे महागात पडते.

चितेगावातील एक दांपत्य कल्पावे. बारा-पंधरा वर्षांची बचत, थोडे दागिने, उरलेले कर्ज. चाळीस लाखांत घर ठरते, दोन लाखांची इसारपावती होते. कर्जासाठी बँक ना-हरकत प्रमाणपत्र मागते आणि तेथे पहिल्यांदा उलगडते की भुईभाडे कित्येक वर्षे भरलेलेच नाही, मागच्या अंगणात बांधलेल्या खोलीला मंजुरी नाही, आणि विकणाऱ्याने स्वतः हे घर मुखत्यारपत्रावर घेतले असल्यामुळे कागदोपत्री पट्टेदार अजून मूळ लाभार्थीच आहे. आता मधल्या व्यवहाराचाही हिशेब पुढे येणार. मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. तरीही असे व्यवहार झालेली घरे आजही बाजारात येतात, आणि बहुधा ती थोडी स्वस्त असतात. ती स्वस्ताई कोठून आली, हा प्रश्न इसार देण्यापूर्वी विचारावा, नंतर नव्हे.

हे देणे कोणाचे? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५५ निःसंदिग्ध आहे. वेगळा करार नसेल तर विक्रीच्या दिवसापर्यंतचे सार्वजनिक आकार आणि भाडे विकणाऱ्याने चुकते करायचे, त्यानंतरचे घेणाऱ्याने. घेणाऱ्याची बाजू कायद्याने भक्कम आहे. अडचण व्यवहाराची आहे. पट्टा देणारी संस्था थकबाकी फिटल्याशिवाय नाव चढवीत नाही, आणि गरज नाव चढण्याची असते ती घेणाऱ्याला. विकणारा पैसे घेऊन दुसऱ्या गावी गेला की कलम ५५ घेऊन न्यायालयाची पायरी चढण्यापेक्षा लोक मुकाट्याने रक्कम भरून मोकळे होतात. मुंबईत म्हाडाच्या छप्पन्न वसाहतींत १९९८ पासूनच्या वाढीव सेवाशुल्काचा वाद वर्षानुवर्षे चालला. त्या काळात तेथे घर घेणाऱ्यांच्या वाट्याला घरासोबत तो वादही आला.

सदनिका असेल तर आणखी एक दार : गृहनिर्माण संस्था. आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क सर्व सदनिकांवर समान विभागले जाते, पाण्याचा आकार नळजोडांच्या प्रमाणात, थकबाकीवर व्याज सरळ व्याजाने वर्षाला एकवीस टक्क्यांहून अधिक नाही. हस्तांतरण अधिमूल्यालाही पंचवीस हजार रुपयांची कमाल मर्यादा आहे, आणि त्यावर 'देणगी' म्हणून काही मागता येत नाही. हे आकडे ठाऊक असले की मागणीपत्र वाचताना धीर येतो. पण खरा धक्का थकबाकीचा नसतोच, तो येऊ घातलेल्या खर्चाचा असतो. गच्चीची दुरुस्ती, उद्वाहक बदलणे, रंगकाम यांचा ठराव गेल्या सर्वसाधारण सभेत संमत झालेला असतो, वर्गणी मात्र नव्या सभासदाच्या नावे निघते. थकबाकी नसल्याच्या दाखल्यावर यातले काहीच दिसत नाही. त्यासाठी मागील दोन-तीन वर्षांची सभेची इतिवृत्ते आणि लेखापरीक्षण अहवाल पाहावे लागतात. विकणाऱ्याकडून ते मागून घेण्यात संकोच कसला?

नव्या प्रकल्पात घर घेणाऱ्यांची स्थिती बरी. रेरा कायद्याच्या कलम ११ नुसार प्रत्यक्ष ताबा देईपर्यंतचे भुईभाडे, स्थानिक कर, पाणी-विजेचे आकार भरण्याची जबाबदारी विकासकाची आहे. ताब्यानंतर आपला वाटा घेणाऱ्याचा.

इंग्लंडमध्ये भाडेपट्ट्याच्या सदनिकांचा व्यवहार नित्याचा आहे. तेथे सेवाशुल्काचा वर्षाचा हिशेब पूर्ण झालेला नसेल तर विक्रीच्या किमतीतील काही रक्कम वकिलाकडे रोखून ठेवतात आणि हिशेब आल्यावर ज्याची त्याला देतात. आपल्याकडेही साठेखतात अशी अट घालण्यास कायद्याची आडकाठी नाही. मजकूर साधा असावा : अमुक तारखेपर्यंतची सर्व देणी, मागाहून उघड झाली तरी, विक्रेत्याची, एक लाख रुपये तीन महिने राखून ठेवले जातील, ना-हरकत न मिळाल्यास इसार परत. तारीख, रक्कम आणि मुदत हे तिन्ही आकडे लिहिलेले हवेत. तोंडी आश्वासनाला तारीख नसते.

चितेगावच्या त्या दांपत्याने अशी अट मांडली तर मध्यस्थ बहुधा म्हणेल, 'ओळखीतला व्यवहार आहे, एवढा अविश्वास कशाला?' ज्या घरांत दिवाळीला वहीपूजन होते, तेथे याचे उत्तर शोधावे लागत नाही. सख्ख्या भावाच्या नावेही खात्यात जमा-नावे मांडतातच. विकणाऱ्याची देणी खरोखर फिटलेली असतील, तर तीन महिन्यांनी त्याचे लाख रुपये त्याला पूर्ण मिळणारच आहेत. तो या अटीवरच अडून बसला, तर दांपत्याने दोन्ही कार्यालयांतून थकबाकीचा लेखी आकडा मागवावा आणि तो हाती येईपर्यंत उरलेली रक्कम देऊ नये.