वेस ओलांडणारा चोर आणि वेशीवर थांबलेला कायदा

अकोल्याच्या जठारपेठेत राहणारे एखादे निवृत्त मुख्याध्यापक डोळ्यांसमोर आणा. मुले पुण्याला किंवा परदेशी, घरी दोघेच. सकाळी भ्रमणध्वनी वाजतो. पडद्यावर खाकी गणवेशातील अधिकारी दिसतो, त्याच्या मागे शासकीय बोधचिन्ह असते. ‘तुमच्या आधार क्रमांकावर गैरव्यवहार झाला आहे. तुम्हाला डिजिटल अटक करण्यात येत आहे. कोणाशीही बोलू नका,’ असे दरडावून सांगितले जाते. आयुष्यभर कायद्याला मान देत आलेला हा माणूस नेमक्या त्याच सद्गुणापायी फसतो. भविष्य निर्वाह निधीची रक्कम तो सांगितलेल्या खात्यात भरतो. ते खाते असते दुसऱ्या राज्यातील कोणा बेरोजगार तरुणाच्या नावावर. काही मिनिटांत पैसे दहा-वीस खात्यांत विखुरतात, त्यांचे आभासी चलन होते आणि ते देशाबाहेर जाते. पडद्यावरचा ‘अधिकारी’ बसलेला असतो कंबोडियात किंवा म्यानमारच्या सीमेवरील एखाद्या कुंपणबंद वसाहतीत.

गुन्हा एकच, पण तो तीन-चार देशांत पसरलेला. मुख्याध्यापक मात्र तक्रार घेऊन जाणार ते आपल्या नजीकच्या पोलीस ठाण्यात. आंतरराष्ट्रीय सायबर सहकार्य हा विषय जिनिव्हा आणि न्यूयॉर्कच्या सभागृहांतला, आपला त्याच्याशी काय संबंध, असे ज्यांना वाटते त्यांनी या मुख्याध्यापकांच्या जागी आपल्या वडिलांना ठेवून पाहावे.

कॉसमॉसचा धडा

हा प्रश्न महाराष्ट्रापुढे प्रथम उघडपणे उभा राहिला तो ऑगस्ट २०१८ मध्ये. १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ ऑगस्टला, शनिवारी, हल्ला झाला. एटीएममधून आलेली मागणी बँकेच्या मूळ प्रणालीकडे जाऊन खात्यातील शिल्लक तपासली जाते आणि मग पैसे मिळतात. हल्लेखोरांनी या दोहोंच्या मध्ये आपली बनावट यंत्रणा बसवली आणि तीच प्रत्येक मागणीला होकार देऊ लागली. काही तासांत २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातही सुमारे अडीच कोटी रुपये निघाले. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट प्रणालीतून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण लूट ९४ कोटींच्या वर गेली.

पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. पुणे पोलिसांनी चिकाटीने तपास केला आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. हे सारे भारतात बनावट कार्डे वापरून पैसे काढण्याच्या साखळीतले लोक होते. हाँगकाँगला गेलेल्या रकमेपैकी काही कोटी रुपये परत मिळाले, कारण तेथील यंत्रणेशी वेळेवर संपर्क झाला आणि खाते गोठवता आले. उरलेल्या देशांत विखुरलेली रोकड मात्र गेली ती गेलीच.

यातून दोन गोष्टी निघतात. जेथे सहकार्याची वाट मोकळी होती तेथे पैसा सापडला, जेथे ती नव्हती तेथे हरपला. आणि कट परदेशात शिजला तरी पैसे काढायला उभे राहिलेले हात आपलेच होते. ‘परकीय हात’ म्हणून मोकळे होण्याची सवय आपण सोडली पाहिजे. मुख्याध्यापकांचे पैसे ज्या खात्यात पहिल्यांदा जातात ते खाते पाच-दहा हजारांच्या मोबदल्यात भाड्याने देणारा तरुण आपल्याच मोहल्ल्यातला असू शकतो.

करार कोणाचा, अटी कोणाच्या?

सायबर गुन्ह्यांवरचा पहिला मोठा आंतरराष्ट्रीय करार २३ नोव्हेंबर २००१ रोजी बुडापेस्ट येथे स्वाक्षरीसाठी खुला झाला. युरोप परिषदेने तो घडवला. भारताने आजवर त्यात प्रवेश केलेला नाही. त्यामागची कारणे क्षुल्लक नाहीत. कराराचा मसुदा ठरत असताना भारताला त्यात स्थान नव्हते, तयार झालेल्या कागदावर फक्त अंगठा उमटवायचा होता. शिवाय त्यातील ३२ वे कलम एका देशाच्या तपास यंत्रणेला, माहिती ज्याच्या ताब्यात आहे त्याची संमती असेल तर, दुसऱ्या देशातील विदा त्या देशाच्या शासनाला न विचारता मिळवण्याची मुभा देते. कोट्यवधी नागरिकांची माहिती परदेशी कंपन्यांच्या संगणकांत साठलेल्या देशाने या कलमाकडे सावधपणे पाहणे, हा सार्वभौमत्वाचा साधा विवेक आहे.

परंतु नकाराचीही एक किंमत असते आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. त्या करारातील देशांना अहोरात्र जागा असणारा संपर्क उपलब्ध आहे. आपल्या अधिकाऱ्याला मात्र परदेशातून पुरावा हवा असेल तर बहुधा परस्पर कायदेशीर साहाय्याच्या मार्गाने जावे लागते. जिल्ह्यातून राज्याचा गृह विभाग, तेथून केंद्रीय गृह मंत्रालय, तेथून परदेशातील संबंधित प्राधिकरण, मग तेथील न्यायालय. अमेरिकेशी असा करार आपण २००१ मध्ये केला आणि २००५ मध्ये तो अमलात आला. परंतु पैसा मिनिटांत पळतो आणि कागद महिन्यांनी पोहोचतो. बैलगाडीने आगगाडीचा पाठलाग करण्यासारखेच हे आहे.

म्हणून नकारानंतर पर्याय उभा करणे हे नकार देणाऱ्याचेच कर्तव्य ठरते. काही पावले पडलीही आहेत. सिंगापूर, मलेशिया आणि जपान यांच्याशी भारताने २०१५ मध्ये सायबर सुरक्षेचे सामंजस्य करार केले. जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘भारतपोल’ या व्यवस्थेमुळे राज्यांच्या पोलिसांची विनंती केंद्रीय अन्वेषण विभागामार्फत इंटरपोलपर्यंत अधिक वेगाने जाऊ शकते. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २४ डिसेंबर २०२४ रोजी सायबर गुन्ह्यांविरोधी नवा करार स्वीकारला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तो हनोई येथे स्वाक्षरीसाठी खुला झाला. या वेळी मसुद्याच्या चर्चेत भारत बसला होता, हा मोठाच फरक. या करारात अहोरात्र संपर्काची तरतूद आहे आणि क्षमतावृद्धीसाठी स्वतंत्र प्रकरणही आहे. तथापि नागरिकांच्या खाजगीपणाचे रक्षण पुरेसे होते का, एखादी हुकूमशाही राजवट याच कलमांचा उपयोग आपल्या विरोधकांचा माग काढण्यासाठी करणार नाही ना, हे प्रश्नही तितकेच खरे आहेत. करारात जायचे तर डोळे उघडे ठेवून आणि अटी वाचून जावे. बाहेर राहायचे तर पर्यायी वाटा रुंद करून राहावे. दोन्हींच्या मध्ये लोंबकळत राहणे हे धोरण नव्हे.

आखाडा आधी, दिग्विजय नंतर

अमरावतीकरांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. १९१४ साली वैद्य बंधूंनी येथे हनुमान आखाड्याची मुहूर्तमेढ रोवली. त्यातूनच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे केली. पण आधी दोन तपे अमरावतीच्या लाल मातीत घाम गाळला गेला होता, हे विसरता कामा नये. सहकार्य बरोबरीच्यांत होते. ज्याच्या अंगी बळ नाही त्याच्या वाट्याला सहकार्य येत नाही, फार तर मदत येते.

आज आपली स्थिती काय? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या जागतिक सायबर सुरक्षा निर्देशांकात भारताला १०० पैकी ९८.४९ गुण मिळून तो पहिल्या श्रेणीत बसला. कायदा, तंत्र, संघटन, क्षमतावृद्धी आणि सहकार्य हे त्याचे पाच निकष आहेत. अभिमान वाटावा असेच हे यश आहे. इतकेच नव्हे, आपण इतरांनाही शिकवतो. १९६४ पासून चालत आलेल्या ‘आयटेक’ कार्यक्रमातून विकसनशील देशांचे अधिकारी भारतात प्रशिक्षण घेतात. घानाची राजधानी अक्रा येथे २००३ मध्ये उघडलेल्या माहिती तंत्रज्ञान केंद्राच्या उभारणीत पुण्याच्या सी-डॅकचा हात आहे.

पण हा निर्देशांक देशाची व्यवस्था मोजतो, तालुक्याच्या ठाण्यातील रात्रपाळी मोजत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७८ व्या कलमानुसार या कायद्याखालील गुन्ह्याचा तपास निरीक्षक दर्जाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. ज्या निरीक्षकाच्या डोक्यावर मिरवणुकांचा बंदोबस्त आहे, अपघात आहेत, निवडणुका आहेत, त्याच्याच डोक्यावर हाही भार. महाराष्ट्राने २०१६ च्या स्वातंत्र्यदिनी जिल्ह्याजिल्ह्यांत सायबर प्रयोगशाळा सुरू केल्या, हे पाऊल निश्चितच दूरदृष्टीचे होते. परंतु यंत्र विकत मिळते, ते चालवणारा माणूस घडवावा लागतो. आणि घडलेल्या माणसाची दोन वर्षांत बदली झाली की सारे पुन्हा श्रीगणेशापासून.

पुराव्याचेही तसेच आहे. जालना विधानसभेच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले की मूळ उपकरणच न्यायालयात आणलेले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत विहित प्रमाणपत्र असलेच पाहिजे. परदेशातून महत्प्रयासाने माहिती आणली आणि ती नोंदवताना इथेच चूक झाली, तर आंतरराष्ट्रीय सहकार्याचा काय उपयोग? साखळीची शेवटची कडी वऱ्हाडातल्या ठाण्यात आहे आणि साखळी तिच्याइतकीच बळकट असते.

वऱ्हाडाने काय करावे?

अमरावतीत शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, बडनेऱ्याला अभियांत्रिकी शिक्षणाची मोठी संस्था आहे, संत गाडगेबाबांच्या नावाचे विद्यापीठ आहे. दरवर्षी येथून संगणक शाखेचे पदवीधर बाहेर पडतात आणि पुण्या-बंगळुरूची गाडी धरतात. त्यांच्यातील काहींना वर्षभर जिल्ह्याच्या सायबर पोलिसांच्या पाठीशी उभे करता येणार नाही का? तपासाचा अधिकार पोलिसांचाच राहील. तांत्रिक विश्लेषणाचे मनुष्यबळ मात्र विद्यापीठ देऊ शकते.

दुसरी बाब सहकारी बँकांची. वऱ्हाडातील लहान व्यापारी, शिक्षक आणि शेतकरी यांचा पैसा नागरी बँकांत आणि पतसंस्थांत आहे. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी श्रेणीनिहाय सविस्तर चौकट घालून दिली. छोट्या बँकेला एकटीने हा खर्च झेपत नाही, हे मान्य. पण सहकार म्हणजे तरी काय? दोन जिल्ह्यांतील बँकांनी मिळून एक सामाईक देखरेख केंद्र चालवावे, यात अशक्य असे काही नाही.

तिसरी बाब सर्वांत जिव्हाळ्याची. मार्च २०२५ मध्ये भारतीय वायुसेनेच्या विमानांनी म्यानमारच्या फसवणूक वसाहतींतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना थायलंडमार्गे मायदेशी आणले. नोकरीच्या आमिषाने गेलेल्या कित्येक तरुणांना तेथे कोंडून, मारझोड करून आपल्याच देशबांधवांना फसवण्याच्या कामाला जुंपले जाते. म्हणजे मुख्याध्यापकांना फोन करणारा तो आवाज कदाचित त्यांच्याच एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या वयाच्या कोंडलेल्या मुलाचा असतो. हे लक्षात आले की राग कोणावर धरावा, हेच क्षणभर कळेनासे होते. या मुलाला सोडवायला आंतरराष्ट्रीय सहकार्य लागते. पण त्याने जाण्यापूर्वी ‘थायलंडमध्ये संगणकाची नोकरी, महिना लाखभर’ या जाहिरातीची शहानिशा करायला गावातला एक जाणता माणूस पुरतो.

ते काम आपले आहे. वस्तीवस्तीत, ज्येष्ठांच्या कट्ट्यावर, महिला मंडळात, महाविद्यालयाच्या वसतिगृहात तीन गोष्टी सांगाव्यात. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकारच नाही. फसवणूक लक्षात येताच लाज न बाळगता तत्काळ १९३० क्रमांकावर कळवावे, कारण पैसा देशातील खात्यांत आहे तोवरच तो अडवता येतो. आणि आपले बँक खाते कोणालाही वापरायला देणे हा गुन्ह्यातील सहभाग आहे. यातील लाजेचा मुद्दा सर्वांत कठीण. फसलेल्या वडिलांना ‘एवढे शिकलेले असून कसे फसलात?’ असे विचारणारा मुलगा त्यांचे तोंड कायमचे बंद करतो आणि चोराला हवा असलेला वेळ मिळवून देतो.

देशांमधले करार दिल्लीत होतील, ते योग्य अटींवर व्हावेत यासाठी जनमताचा रेटाही हवा. पण सामर्थ्य मात्र गावाच्या आखाड्यातच कमवावे लागते. बर्लिनला गेलेल्या त्या अमरावतीकरांनी ते शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. आपण निदान आपल्या आई-वडिलांच्या फोनपाशी तरी उभे राहू या.