पहिलं वर्ष फुकट जातं?

"कॉम्प्युटरवाल्या पोरानं वर्कशॉपमध्ये कानशीनं लोखंड कशाला घासायचं?" सोलापुरात १९८३ साली वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झालं, २००४ साली स्वतंत्र विद्यापीठही आलं, पण पालकांचा हा प्रश्न काही सुटत नाही.

मला विचाराल तर मेकॅनिक्स, ड्रॉईंग, इलेक्ट्रिकल सगळ्यांना सारखंच शिकवणारं पहिलं वर्ष हेच खरं इंजिनिअरिंग. आपल्या चादरीच्या मागाकडे बघा ना! मोटर इलेक्ट्रिकलची, गिअर मेकॅनिकलचे, आणि जेकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे म्हणजे प्रोग्रॅमिंगचे आजोबाच. बंद पडलेला माग कुणाची शाखा विचारत नाही. विणकराची मजुरी मात्र बुडते.

म्हणून म्हणतो, अठराव्या वर्षीच पोराला एका शाखेत कोंडू नका. तुम्हाला काय वाटतं?