वाढायला कुणीच नको!

बुधवार हा आठवड्यातला सगळ्यात बिचारा दिवस. सोमवारला निदान शिव्या तरी मिळतात, शुक्रवारचे तर लाडच लाड. बुधवारी मात्र सातला ऑफिसातून सुटलेला माणूस साडेआठला घरी पोचतो, फ्रिज उघडतो, आतल्या अर्ध्या टोमॅटोकडे बघतो आणि फ्रिज बंद करतो. मग मोबाइल. मग तीच ती बिर्याणी, तेच ते हक्का नूडल्स... तर मंडळी, या बिचाऱ्या बुधवारसाठी आजचा मेन्यू आहे टाको. खिम्याचे, घरी केलेले, अर्ध्या-पाऊण तासात तयार!

पान उलटू नका. ‘हे आपलं काम नाही, मॉलमध्ये जाऊन खायचं प्रकरण आहे’ असं वाटत असेल, तर एकच सांगतो. ज्याला खिमा परतता येतो आणि कांदा चिरता येतो, त्याला टाको येतात. फक्त त्याला अजून ते कुणी सांगितलेलं नसतं.

माझी टाकोशी खरी ओळख टेक्सासमध्ये झाली. डॅलसजवळच्या एका ऑफिसात मी दीड वर्ष ऑनसाइट होतो. तिथल्या एका सहकारी बाईंनी आठवड्याच्या अधल्यामधल्या दिवशी जेवायला बोलावलं. आपल्या डोक्यात ‘जेवायला बोलावलं’ म्हणजे चार भाज्या, दोन गोड आणि यजमानीण घामाघूम. इथे बघतो तर बाई माझ्याबरोबरच ऑफिसातून निघालेल्या. घरी पोचलो तेव्हा त्यांचा नवरा गॅसपाशी बीफचा खिमा परतत होता आणि दहा वर्षांची लेक चीज किसत होती. धाकट्याकडे लेट्यूसची पानं फाडण्याचं अतिमहत्त्वाचं खातं होतं. वीस मिनिटांत टेबलावर सात-आठ वाडगे आले, मधोमध कुरकुरीत शेल्सची चळत. आणि मग सगळेच्या सगळे एकदम बसले. कुणी उभं नाही, कुणी वाढत नाही, ‘तुम्ही सुरू करा, मी आलेच’ नाही. ज्याने त्याने आपला टाको भरायचा आणि खायचा.

खिमा चांगला होता. पण माझ्या लक्षात राहिलं ते हे एकदम बसणं. आपल्याकडे गरम पोळी ताटात पडते, कारण कुणीतरी तव्यापाशी उभं असतं. आणि ते ‘कुणीतरी’ कोण असतं, हे मी सांगायला नको.

आता थोडी जन्मकुंडली. मेक्सिकोतल्या रस्त्यावर मिळणारा टाको आणि हा टाको, दोघे चुलतभाऊ. तिकडचा बहुतेक वेळा मऊ मक्याच्या टॉर्टियात, वर कांदा-कोथिंबीर आणि लिंबू. खिमा, किसलेलं पिवळं चीज, लेट्यूस आणि आधीच घडी घालून तळलेलं कडक शेल ही जोडगोळी वाढली ती सरहद्दीच्या अलीकडे, टेक्सास-कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन कुटुंबांत. कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला ‘मितला कॅफे’ नावाचं १९३७ पासूनचं हॉटेल आहे. त्याच्यासमोर ग्लेन बेल नावाच्या गृहस्थाचा हॉटडॉगचा ठेला होता. समोर टाकोसाठी लागणारी रांग त्याने बघितली, पदार्थ समजून घेतला आणि आपल्या खिडकीतून विकायला लागला. याच बेलने १९६२ मध्ये ‘टाको बेल’ काढलं. कडक शेल्स एकावेळी ढिगाने तळायच्या साच्याचं पेटंट मात्र त्याच्याही आधी, १९५० मध्ये, न्यूयॉर्कच्या हुवेंसिओ माल्दोनादो या मेक्सिकन हॉटेलवाल्याने घेतलं होतं.

आठवड्यातल्या रात्रीचं जेवण म्हणून तर टाको तिकडे इतका रुळला, की ‘टाको ट्यूझडे’ या दोन शब्दांवर एका साखळीचा १९८९ पासून ट्रेडमार्क होता. २०२३ मध्ये प्रतिस्पर्धी साखळीने त्याला आव्हान दिलं आणि मूळ मालकाने हक्क सोडून दिला. थोडक्यात, मंगळवार आता सगळ्यांचा. आपण बुधवारी करू, आपल्याला कोण अडवणार?

हक्काचं सोडा, मांसाचा मुद्दा आधी निकालात काढू. तिकडची मूळ कृती गाईबैलाच्या मांसाची. महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूच्याही कत्तलीवर २०१५ पासून बंदी आहे. आपल्याकडे ‘बडे का’ म्हणून मिळतं ते म्हशीचं, आणि टाकोला ते मस्त चालतं. फक्त दोन गोष्टी. एक, ते कमी चरबीचं असतं, त्यामुळे तेल थोडं जास्त. दोन, ते जरा चिवट असतं, त्यामुळे मशीनमधून दोनदा काढून घ्या आणि पाणी घालून जास्त वेळ शिजवा. बोकडाचा खिमाही उत्तम. चिकनचा सगळ्यात झटपट, पण लगेच कोरडा पडतो. टेक्सासमध्ये मात्र उलटी गंमत. तिथे खिम्याच्या पाकिटावर ‘८०/२०’ लिहिलेलं असतं, म्हणजे वीस टक्के चरबी. परतला की कढईत तेलाचं तळं! ते काढून टाकावं लागतं. तुमचा भाऊ किंवा मैत्रीण तिकडे असेल तर सांगा, ती चरबी सिंकमध्ये ओतू नका. थंड झाली की पाइपात घट्ट बसते. जुन्या डब्यात ओता, गोठू द्या आणि कचऱ्यात टाका.

आता मसाला. तयार पाकिटं मिळतात, पण त्यात असतं काय? मिरची, जिरं, ओरेगॅनो, लसूण, मीठ आणि दाटपणासाठी थोडा स्टार्च. जिरं तर आपल्या डब्यातच आहे. ओरेगॅनोची पुडी कुठल्या ना कुठल्या पिझ्झाबरोबर आलेली, ड्रॉवरमध्ये पडून असणार. बघा जरा! एकच सावधगिरी. अमेरिकन कृतीत ‘चिली पावडर’ लिहिलेलं असतं, ती आपली नुसती मिरचीपूड नव्हे. तो जिरं, ओरेगॅनो, लसूण घातलेला तयार मसाला असतो. त्यांच्या मापाने लवंगी किंवा संकेश्वरी घातलीत, तर ऑफिसला दुसऱ्या दिवशी दांडीच. काश्मिरी घ्या.

आणि आपले हात जिथे शिवशिवतात ते इथे. आलं, हळद, गरम मसाला? नको. घातलं तर वाईट लागणार नाही, पण मग तो खिमापाव होईल. खिमापाव थोर आहेच, पण तो रविवारचा विषय.

<b>साहित्य (४ जणांसाठी, साधारण १० टाको)</b>
अर्धा किलो खिमा, १ मध्यम कांदा बारीक चिरून, ५ लसूण पाकळ्या ठेचून, २ टीस्पून जिरेपूड, २ टीस्पून काश्मिरी मिरचीपूड, १ टीस्पून ओरेगॅनो, अर्धा टीस्पून मिरपूड, ३ टेबलस्पून टोमॅटो प्युरी, १ टीस्पून कॉर्नफ्लोअर, मीठ, तेल.

<b>वरून घालायला</b>
किसलेलं चीज, बारीक चिरलेला लेट्यूस किंवा कोबी, टांगलेलं दही, लिंबाच्या फोडी आणि साल्सा. साल्सा म्हणजे काय? कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ. होय, आपली कोशिंबीर, फक्त दाण्याचं कूट वगळून.

<b>कृती</b>
१. पसरट कढई किंवा लोखंडी तवा चांगला तापवा. थोडं तेल. खिमा पसरून टाका आणि दोन-तीन मिनिटं हातच लावू नका. हे सगळ्यात अवघड. पण सतत ढवळलं की खिम्याला पाणी सुटतं आणि तो भाजला न जाता उकडतो. खालून तपकिरी झाला की मग उलथन्याने फोडा. कढई लहान असेल तर दोन घाण्यांत करा.
२. चरबी जास्त सुटली तर काढा, चमचाभर ठेवा. त्यात कांदा, मग लसूण परता.
३. सगळे सुके मसाले घालून मिनिटभर परता. मग प्युरी आणि मीठ.
४. अर्धी वाटी पाणी घालून झाका. चिकन किंवा तिकडचं बीफ असेल तर आठ-दहा मिनिटं. ‘बडे का’ किंवा बोकड असेल तर वाटीभर पाणी आणि वीस-पंचवीस मिनिटं. खिमा आत गुलाबी राहता कामा नये. अख्ख्या तुकड्यात जंतू बहुधा वरच्या बाजूला असतात, पण खिमा करताना तेच सगळीकडे मिसळतात. म्हणून अमेरिकेचं कृषी खातं बीफचा खिमा ७१ अंश सेल्सियसपर्यंत शिजवायला सांगतं.
५. कॉर्नफ्लोअर दोन चमचे पाण्यात कालवून घाला, दोन मिनिटं उकळा. रस्सा नको, पण कोरडंही नको. चमच्यावर थोडा वेळ टिकेल इतपत ओलसर.

शेल्स सुपरमार्केटमध्ये खोक्यात मिळतात. पाकिटातून काढून तशीच खाऊ नका, कागदासारखी लागतात. ओव्हनमध्ये १७५ अंशांवर पाच मिनिटं ठेवा, ओव्हन नसेल तर तव्यावर मंद आचेवर उलटसुलट. शेल्स मिळाली नाहीत? तर ताज्या पातळ पोळ्या घ्या. टेक्सासमध्ये गव्हाच्या पिठाचे मऊ टॉर्टियाही तितकेच चालतात, त्यामुळे इथे आपण काही पाप करत नाही. कुरकुरीत हवं तर साधा खाकरा घ्या, त्यावर खिमा पसरा. सपाट कडक टॉर्टियावर असं वाढलं की मेक्सिकोत त्याला तोस्तादा म्हणतात.

‘मग मक्याच्या पिठाची भाकरी का नको?’ बरोबर प्रश्न. मेक्सिकोत मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, धुतात आणि मग वाटतात. त्यामुळे पिठाला चिकटपणा येतो आणि टॉर्टिया घडी घातली तरी तुटत नाही. आपलं मक्याचं पीठ नुसतं दळलेलं, त्याची भाकरी मधोमध फाटते. चव छान, पण खिमा मांडीवर!

भरायचा क्रमही महत्त्वाचा. आधी गरम खिमा, लगेच त्यावर चीज म्हणजे ते वितळतं, मग गार गोष्टी आणि शेवटी लिंबू. अर्ध्याच्या वर भरायचं नाही. सगळेच भरतात, ती गोष्ट वेगळी.

आता माझा आवडता भाग. आमच्या घरी आई शुद्ध शाकाहारी, बाबांची उडी बोकडाच्या मटणापर्यंत, बायकोला चिकनच हवं. असे चौघं एकत्र आलो की एरवी दोन स्वयंपाक होतात आणि आई तिसराच काहीतरी करत उभी राहते. गेल्या वर्षी ती दोघं पुण्याहून आली होती, तेव्हा मी बुधवारी टाकोच केले. एका वाडग्यात बोकडाचा खिमा, दुसऱ्यात त्याच मसाल्यातला राजमा, वेगळ्या कढईत, वेगळ्या डावाने. बाबांनी कांदा चिरला. बायको पावणेनऊला बीकेसीहून आली, हात धुतले आणि थेट टेबलाशी.

आई सवयीने गॅसपाशी. ‘अरे, तुम्ही बसा. मी गरम गरम काय वाढू?’

‘आई, आज वाढायचंच नाहीये. तू बस.’

‘असं कसं? काहीतरी तरी...’

बसली. दोन मिनिटांत पाण्याच्या निमित्ताने उठली. पाणी टेबलावरच होतं, म्हणून परत बसली. तिने राजम्यावर एवढी कोशिंबीर रचली, की टाको दोन्ही बाजूंनी फुटला. मग तो तिने सरळ भेळेसारखा कालवला. पण तिने पहिला घास घेतला, तेव्हा आम्हा सगळ्यांचाही तो पहिलाच घास होता. आमच्या घरात हे किती वेळा घडलं असेल, मी मोजायला गेलो. सणवार सोडा, साध्या दिवशीचं एकही जेवण आठवेना.

म्हणून म्हणतो, टाको हे फॉरेनचं फॅड म्हणून करू नका. ऑफिसातून दोघंही दमून येता ना? मग दोघांनीही बसायला पाहिजे. रूमवर तिघं राहत असाल, तर एकाने खिमा, एकाने चिराचिरी, आणि तिसऱ्याने भांडी. चिठ्ठ्या टाका हवं तर.

उरलेला खिमा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात अंडं फोडा, पोळीत गुंडाळा आणि डब्यात भरा. गुरुवारची सोय झाली. शुक्रवारचं काय ते शुक्रवार बघून घेईल, त्याचे लाड करायला बाकीचे आहेतच!